तेवढा बाजार होऊ द्या

दिवाळी सरली की आमच्या टॉकीजच्या कचऱ्यात कापूस निघायला लागतो. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ सुटतो, मुमताजबी खुर्च्यांच्या रांगांमधून झाडू फिरवते आणि शेंगदाण्याची टरफलं, वेफर्सची पाकिटं, कुणाच्या तरी लेकराचा एक मोजा या सगळ्यात पांढरे पुंजके अडकलेले असतात. बाजाराच्या दिवशी वेचणीला सुटी. बाया धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून येतात, तरी पदराच्या काठाला, पिशवीच्या शिवणीला कापूस धरून बसलेला असतोच. अंधारात तीन तास हसून-रडून झालं की तो तिथं गळून पडतो. मुमताजबी सुपली भरून बाहेर आणते आणि मला केबिनच्या दारातून ओरडून सांगते, "अक्का, रूई आई!"

तिनं असं सांगितलं की मी समजते, पिक्चर चालला. मुंबईवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

मी धुळ्यातल्या एका जुन्या टॉकीजची मॅनेजर आहे. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालक पुण्यात असतात, त्यांना उगाच त्रास नको. कोणता पिक्चर लावायचा, कोणता उतरवायचा हे दर सोमवारी मी ठरवते. बाईमाणूस आणि टॉकीजची मॅनेजर म्हटल्यावर लोक विचारतात, या धंद्यात कशा आलात? आवड होती का? आवड कसली डोंबलाची! रागानं आले. एका माणसावरच्या रागानं आले आणि रागानंच टिकले. आता कुणाला हे ऐकून वाईट वाटत असेल तर वाटो.

हा राग बारमाही नाही. उन्हाळ्यात तो कुठं असतो मलाही ठाऊक नसतं. पण थंडी पडली, रस्त्यानं कापसाचे ट्रक जायला लागले, बाभळीच्या काट्यांना पांढरं लटकायला लागलं आणि घरोघरी भरताच्या वांग्यांचा वास सुटला, की माझ्या पोटात काहीतरी कढायला लागतं. बहीण म्हणते, पित्त आहे. पित्त नाही ते. ते मधुभाऊ आहेत.

मधुभाऊ म्हणजे जळगावचे फिल्म वितरक. त्या काळी आमच्या दोन जिल्ह्यांत कोणता पिक्चर कुठं लागणार, किती दिवस टिकणार, हे त्यांच्या जिभेवर होतं. माणूस कडक इस्त्रीचा, मिशी कातरलेली, बोलणं थोडं. त्यांच्याकडे पिक्चरसाठी दोनच शब्द होते. चालला आणि पडला. त्यातला दुसरा त्यांनी माझ्या भावाला दिला. तो शब्द त्यांना त्यांच्याच तोंडानं परत घ्यायला लावायचा, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं त्या केबिनमध्ये बसले.

माझा मोठा भाऊ, नाना. आमचं घर देवपूरचं, पांझरेच्या पलीकडचं. नानानं एकच पिक्चर काढला, अहिराणीतला. गोष्ट साधी होती. एक खाष्ट सासू, तिच्या तीन सुना, आणि सुना एक होऊन सासूला कसं वेचणीला पाठवतात त्याची गंमत. सासूच्या कामाला बाई मिळेना. म्हातारं दिसायला कोण तयार होणार? शेवटी नाना माझ्याकडे बघायला लागला. मी तेव्हा पंचविशीतली, लग्नाची. आई म्हणाली, "पोरीले सासू करी टाकशी तर इले सून कोन करी?" तिचं म्हणणं खरं निघालं, पण ते असो. मी केसांना पांढरं फासलं, नाकात नथ अडकवली आणि सासू झाले.

शिरपूरकडच्या एका गावात, ऐन वेचणीत शूटिंग झालं. सकाळी दव असायचं. बोंडाची टोकं बोटांना टोचायची आणि नाना ओरडायचा, "शोभे, तोंड वाकडं कर, तोंड!" मी म्हणायचे, बोट कापलंय रे, तोंड आपोआप वाकडं झालंय. वेचणाऱ्या बाया कामं टाकून बघायला उभ्या राहायच्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला रोज दम द्यायची, "सुनेसले इतलं छळू नको वं बाई, चांगलं नई शे ते." तिला वाटायचं, मी खरीच तशी आहे. त्यापेक्षा मोठं बक्षीस मला आजवर मिळालेलं नाही.

पिक्चरला नफा झाला की तोटा, हे आज मी धंदा म्हणून रोज बघते. तेव्हा काही कळत नव्हतं. आता कळतं की पिक्चरनं किती जमवले हे सगळे गळा फाडून सांगतात, किती खाल्ले हे कोणी सांगत नाही. शंभर कोटींचा गल्ला म्हणून पेढे वाटतात आणि बनवायलाच त्याच्यापेक्षा जास्त गेलेले असतात. शिवाय तो गल्ला म्हणजे काही निर्मात्याच्या घरी जाणारा पैसा नव्हे. त्यातून सरकार घेतं, टॉकीज घेते, वितरक घेतो, आणि उरलं तर त्याच्यासाठी उरतं. मोठ्यांचं एक बरं असतं, त्यांचा खर्च निदान मांडता तरी येतो. आमच्या पिक्चरचा खर्च कसा मांडणार? मावशीनं महिनाभर साऱ्या युनिटला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून घातल्या, तो कोणत्या रकान्यात बसतो? गावच्या सरपंचानं बैलजोडी दिली आणि बदल्यात त्याच्या पोराला एक वाक्य बोलायला दिलं, ते कशात धरायचं? मुंबईचा पिक्चर असो की आमचा, निकाल मात्र एकाच तराजूत लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवसांत माणसं आली तर चालला, नाही आली तर पडला.

पिक्चर तयार झाल्यावर आम्ही दोघं मधुभाऊंकडे जळगावला गेलो. अमळनेरवरून एस.टी. जायची, खिडकीला कापसाचे तंतू चिकटलेले. नानानं नवा शर्ट घातला होता, त्याची घडी मोडू नये म्हणून तो साऱ्या रस्त्यानं ताठ बसून होता. मधुभाऊंच्या ऑफिसात भिंतभर पोस्टरं आणि टेबलावर थंड पाण्याचा जग. त्यांनी विचारलं, "स्टार कोण आहे?"

नानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मधुभाऊ हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. ते हसू मला अजून दिसतं. मग म्हणाले, "बरं. लावू धुळ्याला. शुक्रवारी एक खेळ, दुपारचा. बघू."

त्या 'बघू'वर आम्ही परत येताना अमळनेरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. नाना इतका खूश की भज्यांचा कागदसुद्धा घडी करून खिशात ठेवला.

मधुभाऊंची पारख करायची पद्धत साऱ्या खान्देशात प्रसिद्ध होती. ते पिक्चर बघत नसत. पडद्याकडे पाठ करून ते टॉकीजच्या सायकल स्टँडवर जाऊन उभे राहायचे. स्टँड म्हणजे गाड्या लावायची जागा, जुनं नाव पडलेलं. तिथं मोटारसायकली किती, स्कूटर किती, सायकली किती, एवढं बघायचे आणि निकाल सांगून मोकळे. लोक म्हणायचे, काय नजर आहे! आणि तसं बघितलं तर ती चुकायचीही नाही, कारण त्यांनी आयुष्यभर गाडीवरून येणाऱ्या लोकांचेच पिक्चर लावले होते.

आमची माणसं गाडीवरून येत नव्हती, ही साधी गोष्ट त्या थोर माणसाच्या डोक्यात आली नाही. आमच्या बाया एस.टी.नं यायच्या, काळीपिवळीत कोंबून यायच्या, बाजाराचं सामान आणणाऱ्या टेम्पोत मागं उभ्या राहून यायच्या. आणि शुक्रवारी तर येणारच नव्हत्या. वेचणीच्या ऐन भरात शुक्रवार-शनिवार कोणाला? ज्या दिवशी आठवड्याची मजुरी हातात पडते, त्या दिवशी बाजार, आणि बाजार केला की मग पिक्चर. खेड्यातला शुक्रवार बाजाराच्या दिवशी उगवतो.

तर शुक्रवारी आमचा पिक्चर लागला. पुढच्या दोन-चार रांगा भरल्या, त्याही देवपूरच्या ओळखीच्या माणसांनी. शनिवार तसाच. रविवारी थोडे जास्त. नाना दारात उभा राहून येणाऱ्याला नमस्कार करत होता, लग्नातल्या मुलीच्या बापासारखा. मला म्हणाला, "बाजारले दखजो तू. बठ्ठं गाव ई." सारं गाव येणार, याची त्याला खात्री होती.

सोमवारी दुपारी मधुभाऊ जीपनं आले. आत आले नाहीत. स्टँडवर गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. स्टँडवाला एका कोपऱ्यात पेंगत होता, गाड्या होत्या पाच-सहा, पन्नास पावलांत मोकळ्या पसरलेल्या. मी आणि नाना त्यांच्यामागं उभे. ते वळलेसुद्धा नाहीत.

"स्टँड बघ," ते नानाला म्हणाले. "पडला."

नाना पुढं झाला, अंगात तोच नवा शर्ट. त्यानं हात जोडले नाहीत, पण आवाज जोडलेला होता. "भाऊ, तितला बाजार व्हऊ द्या."

"काय?"

"तेवढा बाजार होऊ द्या, भाऊ," नानानं शुद्ध करून सांगितलं. "दोनच दिवस. बाजारले बाया येतीन. मग तुम्ही म्हणाल ते."

मधुभाऊंनी जीपची किल्ली बोटात फिरवली. "बाजारात भाजी विकतात. पिक्चर शुक्रवारी विकतात." आणि निघून गेले.

पोस्टरं लावणारे रशीदचाचा जिन्याखालून बादली घेऊन बाहेर आले. मैदा शिजवून, मोरचूद टाकून केलेली खळ. तिचा आंबूस वास मला आजही कुठं आला तरी माझे दात आवळले जातात. चाचांनी शिडी लावली आणि माझ्या तोंडावर खळ फासली. म्हणजे पोस्टरवरच्या. मग त्यावर एक डब केलेला मारधाडीचा पिक्चर चिकटवला. कागद थोडा अपुरा पडला. माझा एक डोळा आणि नथीचा अर्धा गोल बाहेरच राहिला.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम टॉकीजला गेले. का गेले, देव जाणे. दुपारी बाया आल्या. एस.टी. स्टँडकडून घोळक्यानं चालत आल्या, डोक्यावर पिशव्या, कडेवर पोरं. शिरपूरकडची ती म्हातारीही होती, मला दम देणारी. पांढऱ्या केसांविना तिनं मला ओळखलंच नाही. भिंतीवरच्या एका डोळ्याकडं बघून ती मलाच विचारायला लागली, "बाई, आठे सासू व्हती ना? कोठे गई ती? आम्ही बठ्ठ्या बाया इतल्या दूरथीन उन्यात."

मी काय सांगणार होते? म्हटलं, "गेली आजी. उतरवली तिला."

"उतरवली? कोनी?"

मी नाव सांगितलं. तिला ते नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं मात्र तिथल्या तिथं मधुभाऊंच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की माझ्या काळजाला तेवढाच गारवा मिळाला. बाया थोडा वेळ पायऱ्यांवर बसल्या, शेंगा फोडल्या, आणि परतीच्या गाडीला निघून गेल्या. त्यांचा कापूस पायऱ्यांवर पडला. आत कधी गेलाच नाही.

त्यानंतर नानानं पिक्चरचं नाव काढलं नाही. मंडप आणि स्पीकरचं दुकान टाकलं. दुसऱ्यांच्या लग्नात माइक "हॅलो, हॅलो, चेक" करायचा, एवढंच त्याचं बोलणं. मी मात्र त्याच टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीट खिडकीवर नोकरी धरली. नाना म्हणाला, "येडी व्हयनी का? तठेच?" मी म्हटलं, हो, तिथंच. मला त्या माणसाच्या तोंडासमोर बसायचंय.

खिडकीतून बुकिंगला, बुकिंगमधून ऑफिसात, आणि शेवटी केबिनमध्ये. या वाटेत मी पिक्चर पारखायला शिकले, आणि स्टँडवर उभी न राहता शिकले. मध्यंतरात बाया लेकरांना घेऊन पळतच मोरीकडं गेल्या आणि पळत परत आल्या, तर पिक्चर धरून ठेवणारा आहे. सावकाश गेल्या तर काही खरं नाही. कँटीनची भजी लोक बाहेर उभे राहून खायला लागले तर पडणार, कागदात बांधून आत नेली तर चालणार. हिरोच्या एंट्रीला शिट्ट्या पहिल्या दिवशी सगळेच मारतात, त्यांचा काही उपयोग नाही. सातव्या दिवशी मारतो तो खरा. आणि आता तर मोबाइलवर शुक्रवारी दुपारी बारालाच निकाल. अजून आमच्याकडे पहिला खेळ सुटलेला नसतो आणि मुंबईचा कोणी पोरगा सांगतो, डिझास्टर. बाबा रे, आमच्या बायांची कपाशी अजून झाडावर आहे!

आणि याच वाटेत मला खळ कळली. ती कळल्यावर माझा राग दुप्पट झाला. एका सकाळी मी रशीदचाचांना खळ करताना बघत होते. मी विचारलं, इतक्या लवकर कशाला? पोस्टर तर दुपारी लावायचंय. चाचा म्हणाले, "बेटी, गरम खळ लगाई तो कागज गल जाता. सबेरे पकाना, दुपहर तक ठंडी करना." मी तिथंच थिजले. त्या सोमवारी दुपारी बादली गार होती. चाचांनी हात घालून खळ काढली होती. मी विचारलं, "चाचा, त्या सोमवारी कधी शिजवली होती?"

चाचा खळीत काठी फिरवत राहिले. "फोन तो इतवार को ही आ गया था, बेटी."

म्हणजे स्टँड बघायच्या आधीच ठरलं होतं. डब केलेल्या पिक्चरला तारीख हवी होती, झालं. ते कमरेवर हात ठेवून उभं राहणं, ती नजर, तो निकाल, सगळी नौटंकी! नाना ज्या माणसापुढं दोन दिवस मागत होता त्याची खळ आदल्या दिवशीच सांगून झाली होती. चूक झाली असती तर मी कदाचित कधीतरी सोडून दिली असती. ही चूक नव्हती. नानाला मी हे कधी सांगितलं नाही.

नाना म्हणायचा, "सोड ना आते. कितला दिन धरशी?" मी म्हणायचे, माझी मूठ आहे, मी बघेन.

मग धंदा पालटला. पिक्चर पेटीतून यायचे बंद झाले, वरून उपग्रहातून यायला लागले, आणि जळगावच्या त्या ऑफिसातल्या थंड पाण्याच्या जगाला विचारायला कोणी जाईना. मधुभाऊ घरी बसले. मी भिंतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तो एक डोळा आणि नथीचा अर्धा गोल तेवढा सोडायला सांगितला. मालकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, नजर लागू नये म्हणून ठेवलाय.

आणि यंदा, कापूस फुटायच्या सुमाराला, मधुभाऊ स्वतः माझ्या केबिनमध्ये आले. काठी टेकत. इस्त्री तीच, आतला माणूस अर्धा झालेला. बरोबर त्यांची नात केतकी, पुण्यात पिक्चरचं शिकलेली. पोरीनं पिक्चर काढला होता, अर्धा मराठी, अर्धा अहिराणी. आजोबांच्या गावाकडचा. तारीख हवी होती.

"शोभाताई," मधुभाऊ म्हणाले. मला कधी त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. "तुमच्या हातात आहे."

मला जे झालं ते मी लपवणार नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी चहा मागवला, बिस्किटं मागवली. पोरीला म्हटलं, छान, अगदी छान. आणि ऐन वेचणीतला शुक्रवार दिला. दुपारचा एक खेळ. "बघू," मी म्हटलं. मधुभाऊंनी कप खाली ठेवला. त्यांना तो शब्द ओळखू आला असावा.

शुक्रवारी पुढच्या रांगा भरल्या. शनिवारी तसंच. मी केबिनच्या काचेतून बघत होते. केतकी दारात उभी राहून येणाऱ्याला हसून आत सोडत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. पोरीचा काय दोष, असं मन म्हणायला लागलं की मी नानाचा नवा शर्ट आठवायचे. रविवारी संध्याकाळी मी रशीदचाचांना फोन केला. आता टॉकीजवर फ्लेक्स लागतो, पण एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतीवर अजून कागदच. म्हटलं, "चाचा, उद्या खळ." चाचा हूं म्हणाले. तो फोन करताना मला गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. खरं सांगते.

सोमवारी दुपारी मधुभाऊ आले. सवयीनं आधी स्टँडवर गेले. गाड्या थोड्याच होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही, काठी सोडता येत नव्हती. मी पायऱ्या उतरून गेले. केतकी मागं उभी होती, नखं खात. मी तोंड उघडलं. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता, इतक्या वर्षांचा घासून-पुसून ठेवलेला. आणि मधुभाऊंची नजर जिन्याखाली गेली. तिथं ओल्या पोत्यानं झाकलेली बादली होती.

ते बादलीकडं बघत राहिले. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं. त्यांना कळलं. गार खळ म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"खळ कालच सांगितलीत," ते म्हणाले.

"तुमच्याकडूनच शिकले," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. मी तो डोळे भरून बघितला. मग त्यांनी नातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काठीवरचा दुसरा हात उचलला आणि ओठ हलवले. "शोभाताई, तेवढा..."

पुढं काय येणार हे मला कळलं. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते वाक्य ह्यांनी म्हणायचं? ह्यांनी? ते नानाचं होतं. नानानं ते उन्हात उभं राहून, नव्या शर्टाची घडी मोडून म्हटलं होतं. हा माणूस माझ्या भावाचा पिक्चर घेऊन गेला होता, आता त्याचं वाक्यही घेऊन जाणार? मी ते त्यांच्या तोंडातून पुरं बाहेर पडू द्यायच्या आत स्वतःच म्हटलं. मोठ्यानं, टॉकीजच्या साऱ्या नोकरांसमोर, नानाच्या बोलीत.

"भाऊ, तितला बाजार व्हऊ द्या!"

रशीदचाचांनी काही न विचारता बादली उचलली आणि मोरीत ओतली. मधुभाऊ काठीवर वाकले. केतकी काही न कळून माझे हात धरायला आली, मी धरू दिले नाहीत. मी मोठ्या मनानं काही केलं, असं कोणी समजू नये. तो उपकार नव्हता, मारलेली थप्पड होती. ती त्यांना लागली, हे मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

बाजाराच्या दिवशी बाया आल्या. हाऊसफुल्ल नाही, पण अर्ध्याहून जास्त टॉकीज भरली. मध्यंतरात पळत गेल्या, पळत आल्या. खेळ सुटल्यावर मुमताजबीनं सुपली दाखवली. मधुभाऊ पायरीवर बसले होते. सुपलीकडं बघून म्हणाले, "हे मी कधी बघितलंच नाही."

"मला नका सांगू," मी म्हटलं. "पूल ओलांडला की देवपूर. मंडपाचं दुकान. तिथं जाऊन सांगा."

ते जातील असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी नानाचा फोन आला. मागं कुणाच्या तरी हळदीचा स्पीकर वाजत होता.

"मधुभाऊ उना व्हता," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"च्या पिना. मग सांगे, मी पडला म्हनाले नको व्हतं. बाजार व्हऊ द्याले पाहिजे व्हता." मग जे मी त्याच्यापासून लपवलं होतं, तेही. "खळनंबी सांगं त्यानी."

शब्द परत आला होता. ज्यासाठी मी केस पिकवले, तो शब्द त्या माणसानं स्वतःच्या पायांनी जाऊन माझ्या भावाच्या दुकानात परत ठेवला होता. मी वाट बघत राहिले, आता नाना हसेल, आता शिवी देईल, आता म्हणेल, शोभे, जिंकलीस तू. मग एकदम लहान पोरासारख्या आवाजात त्यानं विचारलं,

"शोभे, आपला पिक्चर चालता का वं?"

"चालता," मी लगेच म्हटलं. "पहिल्याच बाजारले हाऊसफुल्ल."

"हां," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी केबिनमध्ये बसून राहिले. इतकी वर्षं हाच धंदा करते. भज्यांच्या कागदावरून, मोरीकडच्या पळापळीवरून पिक्चर ओळखते. आणि मला ठाऊक नाही. आमचा पिक्चर चालला असता की नाही, मला खरंच ठाऊक नाही. त्या बाया आत गेल्याच नाहीत, मग कोणाला विचारू? कदाचित त्या मध्यंतरात सावकाश गेल्या असत्या. कदाचित पडलाच असता, आणि नाना चार दिवस रडून दुसरा पिक्चर काढायला लागला असता. त्या माणसानं आमचं यश नेलं असं मी समजत होते. त्यानं आमचं अपयशसुद्धा आम्हाला मिळू दिलं नाही.

मधुभाऊंना मी माफ केलेलं नाही.